लॅव्हेंडर पावसात लावायला सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत बाल्कनीत लॅव्हेंडर लावण्यावर अर्धं पान लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो सकाळीच येऊन पडला आणि दुपारपर्यंत चार जणींनी मला विचारलं की काकू, रोप कुठून आणू. बागेसाठी तुम्ही जागा देता याचा आनंद आहेच. पण त्या लेखात एक वाक्य आहे की पाऊस सुरू झाला की रोप लावा, पावसाच्या पाण्यावर ते जोमानं वाढेल. ते वाचून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र, कारण अगदी असंच करून मी तीन वर्षांत चार रोपं घालवलीयेत. आता मे संपत आलाय, लोक पुढच्या पंधरा दिवसांत रोपं आणतील, ती ऑगस्टमध्ये मरतील आणि प्रत्येकाला वाटेल की आपल्याच हाताला गुण नाही.

माझं पहिलं रोप जुलैतलं. काय सुंदर होतं, करडी हिरवी बारीक पानं, चुरगळली की सगळा हात वासानं भरून जायचा. गच्चीत तुळशीच्या शेजारी ठेवलं. तीन आठवडे छान होतं आणि मग खालची पानं काळपट पडून गळायला लागली, शेंडे माना टाकल्यासारखे झुकले. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून मी अजून घातलं, आणि चार दिवसांत ते गेलं. उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, बोटानं दाबली की साल हातात येत होती. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे झाड दिसतं तहानलेलं आणि असतं बुडालेलं. ही एक गोष्ट जरी लेखात आली असती ना, तरी खूप रोपं वाचली असती.

दुसरं रोप कसं गेलं तेही सांगते. माझ्या सासूबाई, वय ७८, रोज सकाळी आंघोळ करून तुळशीला पाणी घालतात आणि तांब्यात उरलेलं शेजारच्या कुंडीत ओततात, ही त्यांची पन्नास वर्षांची सवय. मी म्हटलं आई, याला नका घालू. तर म्हणाल्या, अगं दारातलं झाड तहानलेलं ठेवायचं का, आणि ही तुळशीचीच जात दिसतेय की! आणि बघा, त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, तुळस, सब्जा, पुदिना, मरवा, पानओवा आणि लॅव्हेंडर हे सगळे एकाच कुळातले, खोड चौकोनी लागतं हाताला. पण कुळ एक असलं तरी माहेर वेगळं. तुळस आपल्या पावसात वाढलेली, लॅव्हेंडर भूमध्य समुद्राच्या काठच्या खडकाळ उतारांवरचा.

आणि सगळी गोम त्या माहेरात आहे असं मला वाटतं. आपण म्हणतो लॅव्हेंडर थंड हवेतलं झाड, पुण्याची उष्णता त्याला सोसत नाही. मीही हेच धरून बसले होते. पण दक्षिण फ्रान्समध्ये प्रोव्हान्स भागात, जिथल्या व्हालेन्सोलच्या पठारावरच्या जांभळ्या ओळींचे फोटो आपण कॅलेंडरवर बघतो, तिथे उन्हाळा चांगला कडक असतो. फरक एवढाच की तिथला उन्हाळा कोरडा. भूमध्य प्रदेशात पाऊस मुख्यतः थंडीच्या महिन्यांत, आणि गरमीच्या दिवसांत जवळजवळ नाहीच. आपल्याकडे नेमकं उलटं, हवा उबदार असतानाच चार महिने पाऊस. ऊब आणि ओल दोन्ही एकत्र आली की मातीतली बुरशी फोफावते आणि मुळांना मर लागते. म्हणजे मे महिन्यातल्या उन्हात हे झाड कसंबसं तग धरतं पण जुलैतल्या झिमझिम पावसात नाही. माझी चारही रोपं जुलै ते सप्टेंबर याच काळात गेलीयेत, उन्हाळ्यात एकही नाही.

लेखासोबत तुम्ही भदरवाहच्या शेतांचा फोटो छापलात, तो फारच सुंदर होता. पण फोटो तिथला आणि सल्ला पुण्या-मुंबईच्या बाल्कनीचा, यानं वाचकाची गल्लत होते. भदरवाह जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, साधारण १६०० मीटर उंचीवर, हिवाळ्यात बर्फ पडतो. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या जम्मूच्या संस्थेनं अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेतून तिथल्या शेतकऱ्यांना रोपं दिली, मक्याच्या जागी लॅव्हेंडर आला, तेल काढायची यंत्रं लागली, त्यालाच जांभळी क्रांती म्हणतात. फार मोठं काम आहे ते आणि त्यावर तुम्ही वेगळा लेख जरूर द्यावा. पण तिथे जो लावतात तो खरा इंग्लिश लॅव्हेंडर, लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया, त्याला भरभरून फुलायला हिवाळ्यात कडक थंडी मिळावी लागते. पुण्यात तो जगवला तरी नुसता पानांवर राहतो, फुलं अगदी तुरळक. मुंबईत आणि कोकणात तर हवेतच एवढं पाणी की त्याचा नाद न केलेला बरा, हे मी तिथल्या वाचकांना मनापासून सांगते, पैसे वाया जातात आणि जीव हळहळतो.

मग आपल्याकडे जमतो कुठला? माझ्या गच्चीत आज दोन झाडं आहेत, एक चौथ्या वर्षात आणि एक दुसऱ्या. मोठं आहे ते दंतुर पानांचं, लॅव्हेंडुला डेंटाटा, पानाची कड करवतीसारखी कातरलेली असते, नीट बघितलं की लगेच ओळखू येतं. याला थंडीची तेवढी गरज नाही, डिसेंबरपासून मार्चपर्यंत माझ्याकडे फुलतं. वास इंग्लिश लॅव्हेंडरपेक्षा थोडा कापरासारखा, आणि मला तोच आवडायला लागलाय. दुसरं बारीक चिरलेल्या पानांचं, नेच्यासारखं दिसतं, ते उबदार हवेत वर्षातला बराच काळ फुलतं पण वास लॅव्हेंडरसारखा गोड नाही, जरा ओव्याच्या अंगानं जातो. ज्यांना गंधासाठीच हवंय त्यांनी हे घेऊन नाराज होऊ नये म्हणून सांगतेय.

आता अडचण अशी की आपल्या नर्सऱ्यांमध्ये या सगळ्यांवर एकच पाटी, लॅव्हेंडर. कधीकधी तर तो लॅव्हेंडर नसतोच. माझ्या भाचीनं मोठ्या हौशीनं दोनशे रुपयांना जे रोप आणलं ते साल्विया निघालं, निळी फुलं, लांब दांडे, लांबून हुबेहूब तसंच. ओळखायची खूण सोपी आहे, पान चुरगळून वास घ्या, खऱ्या लॅव्हेंडरचं पान नुसतं हातात धरलं तरी बोलतं, फुलांच्या रंगावर जाऊच नका. विकणारे माळीकाका मुद्दाम फसवतात असं मला म्हणायचं नाही, त्यांना जी गाडी येते त्यातच नाव चुकीचं असतं. पण सजावटीची झाडं विकणाऱ्या सगळ्यांनी कुंडीत छोटा टॅग लावून पूर्ण नाव लिहिलं, तर पैसे मोजणाऱ्या माणसाला निदान कळेल की तो काय घेऊन चाललाय. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला फुलांचं प्रदर्शन भरतं तिथे जाणाऱ्यांनी हे प्रश्न मोकळेपणानं विचारावेत, तिथे जाणकार माणसं भेटतात आणि रोप घ्यायचा मोसमही तोच बरोबर आहे.

कारण लावायची वेळ ही, नोव्हेंबर ते जानेवारी. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली की आणायचं, म्हणजे पुढचा पावसाळा यायच्या आत मुळं धरायला त्याला सहा-सात महिने मिळतात. लेखात नेमकं उलटं लिहिलंय आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

मातीबद्दल लेखात कोकोपीट, गांडूळखत आणि माती समान घ्या असं आहे. गुलाबाला ठीक, मोगऱ्याला ठीक, याला नको. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तो स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. मी एक भाग साधी माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग विटांचा बारीक चुरा आणि खत फक्त मूठभर, तेही जुनं शेणखत, असं मिश्रण करते. आमच्याकडची काळी माती तर जवळजवळ टाळतेच, ती एकदा भिजली की आठवडाभर सुकत नाही. लाल मातीत थोडी आंबटपणाची बाजू असते आणि लॅव्हेंडरला चुनखडीची जमीन मानवते, म्हणून दहा-बारा इंचाच्या कुंडीला वर्षातून एकदा चमचाभर बागेचा चुना मिसळते. खत जास्त झालं तर झाड लुसलुशीत वाढतं, बघायला बरं वाटतं पण मऊ फांद्या पावसात आधी सडतात आणि वासही कमी होतो. गरिबीतच सुगंध देणारं झाड आहे हे. कुंडी मातीची हवी, प्लास्टिकची नको, आणि खालचं भोक बंद झालेलं नाही ना ते दर दोन महिन्यांनी काडी घालून बघायचं.

कुंडीखालच्या बशीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. फरशी खराब होऊ नये म्हणून आपण सगळेच बशी ठेवतो, त्यात पाणी साठतं, कुंडीचं बूड दिवसरात्र त्यात भिजत राहतं. लॅव्हेंडर मरायला एवढं पुरेसं आहे. आणि त्याच साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, दर पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघर येऊन हेच सांगतात. तुमच्या लेखात लिहिलंय की लॅव्हेंडर ठेवला की डास येत नाहीत. नुसतं कुंडीत उभं असलेलं झाड डास पळवत नाही, वासाचं तेल पानांत आणि फुलांत बंद असतं, पान चुरगळलं तरच ते बाहेर येतं. माझ्या दोन झाडांच्या मधे बसून मी संध्याकाळी डास मारलेत. तेव्हा डासांसाठी म्हणून हे झाड घेऊन कुणी खाली बशीत पाणी साठवत असेल तर तो घरात डासच पाळतोय, कृपया तेवढा भाग दुरुस्त करून छापावा. मी बशा काढून टाकल्या आणि कुंड्या दोन-दोन विटांवर ठेवल्यात, खालून वारा खेळतो.

पाणी किती, हा सगळ्यांचा प्रश्न. त्याला वार आणि मोजमाप नसतं. बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं लागलं तर भरपूर पाणी, खालून वाहून जाईपर्यंत, आणि मग परत पूर्ण कोरडं होईपर्यंत थांबायचं. माझ्या माहेरी शेती, वडील वाफसा आलाय का बघायला मूठभर माती हातात घेऊन दाबायचे, कुंडीतही तोच हिशोब आहे. थंडीत आठवड्यातून एकदा, एप्रिल-मे मध्ये दोनदा किंवा तीनदा, असं साधारण येतं पण ते माझ्या गच्चीचं झालं, तुमची बाल्कनी पश्चिमेला असेल तर वेगळं. ऊन मात्र सहा तास तरी थेट हवंच, खिडकीतल्या उजेडावर हे झाड लांबट होऊन आडवं पडतं. एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा ते चार हिरवी जाळी लावते, बाकी वर्षभर नाही.

पावसाळ्यासाठी मी गच्चीच्या कोपऱ्यात पारदर्शक पन्हळी पत्रा बसवून घेतलाय, चारही बाजू उघड्या, म्हणजे पाऊस वरून येत नाही, उजेड मिळतो आणि वारा थांबत नाही. वारा फार महत्त्वाचा. एका वर्षी मी रोप पावसापासून वाचवायला घरात आणलं, हॉलमध्ये, खिडक्या बंद, पाणीही बेतानं घालत होते आणि तरी आतल्या पानांना बुरशी लागली, कोंदट हवेनं. ते माझं चौथं. त्या चार महिन्यांत आता पंधरा दिवसांतून एखादंवेळी अर्धा कप पाणी देते, बाकी हवेतली ओलच पुरते. मे अखेरीला झाड आतून विरळ करते, फुलून गेलेल्या दांड्या आणि हिरव्या वाढीचा वरचा तिसरा हिस्सा कापते. मात्र खालच्या जुन्या लाकडी भागात कात्री घालायची नाही, तिथून परत फुटवा येत नाही, जास्वंदीसारखं नसतं हे. कापलेले चार इंचाचे शेंडे, खालची पानं काढून, ओलसर वाळूत लावले तर महिना-दीड महिन्यात मुळं येतात, पण ते काम थंडीत करावं, मे मधल्या शेंड्यातले माझे फारच थोडे जगले.

बियांचं एक वेगळंच दुखणं आहे. ऑनलाइन शंभर बियांचं पाकीट नव्याण्णव रुपयांना मिळतं, पाकिटावर फ्रान्सचं शेत. मी मागवलं, फ्रीजमध्ये महिनाभर थंडीत ठेवून मग पेरलं, कारण लॅव्हेंडरच्या बीला ती झोप लागते, आणि जे उगवलं ते आमच्या रस्त्याकडेला येणारं तण होतं. साइटचं नाव इथे घेत नाही. पण वाचकांनी गप्प बसू नये एवढं सांगते, ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्सचे नियम २०२० सालापासून आहेत, तक्रार केली की ४८ तासांत तिची पोच द्यावी लागते आणि महिन्याच्या आत निवारण करावं लागतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. नव्याण्णव रुपयांसाठी कोण भांडणार असं प्रत्येक जण म्हणतो म्हणून तर तीच पाकिटं अजून विकली जातात.

आणि आता जे मला सगळ्यात आधी सांगायचं होतं आणि लिहिता लिहिता मागे राहिलं. लेखात लॅव्हेंडरला परदेशी पाहुणा म्हटलंय. पूर्ण खरं नाही ते. लॅव्हेंडरच्या जगात ४० पेक्षा जास्त जाती आहेत, अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांपासून भूमध्य समुद्र, उत्तर आफ्रिका, अरबस्तान करत करत ही साखळी भारतापर्यंत येते आणि तिचं पूर्वेकडचं टोक आपल्याकडे आहे. सह्याद्रीत रानलॅव्हेंडर उगवतात! लॅव्हेंडुला बायपिनाटा मी स्वतः पुरंदरच्या बाजूच्या एका टेकडीवर ऑक्टोबरमध्ये बघितलाय, मुरमाड उतारावर, बारीक कातरलेली पानं आणि वर फिकट निळसर पांढऱ्या फुलांचे तुरे. सोबतच्या बाईंनी नाव सांगितलं तेव्हा मी तिथेच खाली बसले, चार रोपं मारल्यावर इथे हे कुणी पाणी न घालता फुललेलं. दुसरी जात लॅव्हेंडुला गिब्सोनी, ती तर पश्चिम घाटाबाहेर जगात कुठे आपणहून उगवत नाही. तिचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन आपल्या पुण्याचेच म्हणायचे, १८३८ ते १८४७ या काळात दापोडीच्या सरकारी वनस्पती बागेचे प्रमुख होते आणि पुढे मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. दापोडीच्या बागेतल्या झाडांची चित्रं त्यांनी इथल्याच एका चित्रकाराकडून काढून घेतली, ती आज एडिंबरोच्या बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवलेली आहेत, चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

या रानातल्या जाती मुद्दाम सांगतेय पण एक विनंती आहे, ट्रेकला गेल्यावर त्या उपटून आणू नका. कुंडीत त्या जगत नाहीत, आणि गिब्सोनीसारखी जात जिथे आहे तिथेच राहिली पाहिजे. टेकड्यांवर लागणारे वणवे आणि होणारं सपाटीकरण यातून ती आधीच जीव धरून आहे. फोटो काढावा, पान हलकेच बोटांनी चोळून वास घ्यावा आणि पुढे जावं. पुरवणीच्या संपादकांना सुचवावंसं वाटतं की ऑक्टोबरमध्ये एखाद्या वनस्पती अभ्यासकाकडून या आपल्या लॅव्हेंडरवर लिहून घ्या, वाचक आवडीनं वाचतील.

सासूबाईंचं राहिलं. मी लॅव्हेंडरच्या कुंड्या गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेल्या आणि तुळशीशेजारी त्यांच्यासाठी मरवा लावला. तांब्यातलं उरलेलं पाणी आता मरव्याला जातं आणि तो असा माजलाय की शेजारच्या तीन घरांना गजऱ्यात घालायला पुरतो. परवा त्या स्वतः लॅव्हेंडरच्या कुंडीत बोट घालून बघत होत्या आणि मला हाक मारून म्हणाल्या, अगं, ओली आहे अजून, दोन दिवस थांब.

हे पत्र मृग लागायच्या आत छापता आलं तर फार बरं होईल. ज्यांनी लेख वाचून रोप आणलंच आहे त्यांनी आजच खालची बशी काढावी आणि कुंडी वळचणीखाली, पण वाऱ्याला, सरकवावी.

आपली,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे